राजाचे आठवे वर्ष आणि एका गावाचे नाव

भोर-वेल्ह्याकडे निघालेला माणूस मनात शिवकाल घेऊनच निघतो. रायरेश्वर, रोहिडा, तोरणा, राजगड ही नावे रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसू लागली, की आपण स्वराज्याच्या १६४५ च्या शपथेशी जाऊन पोहोचतो आणि त्याच्या मागे जात नाही. त्या शपथेबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण या खोऱ्यांत त्याआधी हजार वर्षे एक लेख झाला होता, आणि तो मला अनेक वर्षे अस्वस्थ करतो आहे.

अभ्यासक त्याला ‘सातारा ताम्रपट’ म्हणतात. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्याचे आठवे वर्ष, म्हणजे इ.स. ६१६-६१७. तिथी कार्तिकी पौर्णिमा, आपली त्रिपुरी. देणारा राजाचा धाकटा भाऊ, युवराज विष्णुवर्धन. दिलेले गाव ‘आलंदतीर्थ’, श्रीनिलय नावाच्या भोगातले, म्हणजे त्या काळच्या एका प्रशासकीय विभागातले. ते गाव म्हणजे भोर तालुक्यातले आजचे आळंदे, असे अभ्यासकांनी मानले आहे.

हा काळ साधा नव्हता. ६१४ मध्ये इराणच्या सासानी फौजांनी जेरुसलेम घेतले आणि ख्रिस्ती जगाला प्राणाहून प्रिय असलेला क्रूस उचलून नेला. मक्केत याच सुमारास प्रेषित मुहम्मदांच्या कुळावर कुरैशांनी बहिष्कार टाकला होता. ६१६ मध्ये इंग्लंडच्या केंट राज्याचा पहिला ख्रिस्ती राजा एथेलबर्ट वारला आणि गादीवर आलेल्या मुलाने आधी तो धर्म नाकारला. ६१७ मध्ये ली युआनने चांगआन जिंकले, पुढच्या वर्षी तांग घराणे उभे राहिले. उत्तरेत हर्ष राज्य करत होता. कोणता देव, कोणता राजा आणि त्या दोघांचे नाते काय, हा प्रश्न तेव्हा सगळीकडेच धगधगत होता.

दख्खनमध्ये त्याचे उत्तर काय निघाले? चालुक्य स्वतःला कार्तिकेयाचे आणि सप्तमातृकांचे कृपांकित म्हणवत, त्यांच्या मुद्रेवर वराह होता. दान ब्राह्मणांना. पण त्याच पुलकेशीची कीर्ती ६३४ मध्ये ऐहोळेच्या जैन मंदिरावर कोरली ती रविकीर्ती या जैन कवीने. आणि ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगाने इथे शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्षू असल्याचे नोंदवले. शिरवळजवळची बौद्ध लेणी आळंद्याहून फार लांब नाहीत. एका राजवटीत एवढे सगळे नांदले, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही दान म्हणजे केवळ पुण्य, असे मला म्हणवत नाही. पुलकेशी गादीवर आला तो चुलता मंगलेशाशी लढून. घरातली ती फूट पाहून आप्पायिक आणि गोविंद यांनी भीमेच्या उत्तरेकडून डोके वर काढले. एक पळाला, दुसऱ्याला पुलकेशीने आपलेसे केले. पुढे कोकणचे मौर्यही त्याने नमवले. भोरहून वरंध घाट आणि वेल्ह्याहून मढे घाट उतरला की कोकणच. अशा दाराशी आपली माणसे असावीत, हे राजकारण कोणत्याही शतकात कळण्यासारखे आहे. गाव देताना त्याचा महसूल दिला जातो आणि घेणारा देणाऱ्याच्या सत्तेचा साक्षीदार होतो. पुढे वतने, इनामे, भोरच्या पंतसचिवांची जहागीर, ८ मार्च १९४८ ला झालेले संस्थानाचे विलीनीकरण, ही सगळी त्याच व्यवहाराची लांबलेली साखळी आहे.

विष्णुवर्धन इथे राहिला नाही. तो पूर्वेला वेंगीला गेला. तिथे त्याने स्थापन केलेले पूर्व चालुक्य घराणे साडेचार शतके टिकले आणि शेवटी चोळांत मिसळले. बदामीही गेली, वेंगीही गेली.

आळंदे मात्र आहे.

हे नाव कोणी राखले? ताम्रपटाची भाषा संस्कृत, शतकानुशतके तो कोणी वाचलाही नाही. नाव राखले ते भातखाचरांत आवणी करणाऱ्यांनी, बाजाराला जाताना ‘कुठले?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांनी, लेकी सासरी पाठवणाऱ्यांनी. राजपत्रात त्यांच्यातल्या एकाचेही नाव नाही. ‘तीर्थ’ बोलण्यात झिजून गेले, ‘आलंद’चे आळंदे झाले आणि चौदा शतके तगले. या खोऱ्याच्या इतिहासातली सर्वांत दीर्घ कामगिरी मी हीच मानतो.

आज याच खोऱ्यांत नावे झपाट्याने जात आहेत. वेल्हे तालुक्याचे राजगड झाले, ते प्रेमाने झाले. पण भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारांची नावे, फार्महाऊसच्या प्लॉटांत हरवलेल्या टेपांची, ओढ्यांची, पाणवठ्यांची नावे सातबाऱ्याच्या गट नंबरात उरत नाहीत. ती फक्त सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहेत. भोर-वेल्ह्यातल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: दिवाळीला गावी गेलात की आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. आपल्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचे नाव विचारा आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आत लिहून काढा.