स्वस्त घर कुणाच्या खिशातून?

थेट सवाल करतो. कर्ज थकलं म्हणून बँकेनं ताब्यात घेतलेलं घर आपण लिलावात घ्यावं का?

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात आपला माणूस प्लॉट बघायला गेला की आधी आडनाव विचारतात. मग तो प्लॉट 'कालच गेलेला' असतो. लिलावात तसं नाही. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत भरा अन् बोली लावा. जात कुणी विचारत नाही. म्हणून ऊस तोडून पोरं शिकवलेला बाप या घराकडं आशेनं बघतो. त्याला पापी ठरवायला मी तयार नाही.

पण हे दार उघडतं ते आतल्याला बाहेर काढून. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची खतं जाळली. त्या खतांच्या जोरावर जमिनी जात होत्या. आज खत बँकेत असतं. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि कोर्टात दावा न लावता तारण विकू शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळलीय. घर, दुकान, प्लॉट मात्र सापडतात.

आता दलाल. आपल्या भागात मुकादम काय असतो ते सांगायला नको. मजुराला उचल देणारा तोच, कारखान्याचं कमिशन घेणाराही तोच. म्हणून जागेच्या दलालाला पहिल्यांदा हेच विचारा: बाबा, तू कुणाचा माणूस? सरळ दलाल कामाचा असतो. मूळ कागद, थकलेली घरपट्टी, वीजबिल शोधून देतो. ताबा खरा आहे की नुसता कागदावर, ते सांगतो. विक्री 'जसं आहे, जिथं आहे' अशी असते. मागाहून रडून उपयोग नाही. अशा कामाची मजुरी त्याला द्या, पावती घ्या.

पण तोच दलाल हळूच म्हणतो, "बाकीचे बोलीवाले गप बसवतो. राखीव किमतीतच उडवू." खरा सवाल इथं आहे. ही स्वस्ताई कुणाच्या खिशातून येते?

समजा कर्ज अन् खर्च मिळून १२ लाख. घराला उघड बोलीत १८ आले असते, संगनमतानं १३ त गेलं. बँकेचे १२ वसूल झालेच. उरलेलं कायद्यानं हक्कदाराचं, म्हणजे बहुधा त्या कर्जदाराचं. त्याला ६ मिळायचे ते १ मिळाले. घर गेलेल्याच्या ताटातले ५ लाख आपण पळवले. अन् विक्रीत कर्ज फिटलं नाही तर बाकी त्याच्याच डोक्यावर राहते.

म्हणून माझं म्हणणं असं. घर घ्या, पण उघड बोलीनं, पुऱ्या भावानं घ्या. गप बसवण्याचा सौदा करणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आणि कार्यकर्त्यांनी लिलावाच्या आधी हजर राहावं. कुणाच्याही घरी, कुठल्याही जातीच्या, ६० दिवसांची नोटीस आली की ती वाचून दाखवा. हरकत लिहून द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विक्रीची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी भरली तर घर सुटतं. एक घर वाचवलं तर लिलावातलं एक घर कमी होईल. होऊ द्या.