बारावी पायरी

काल ताईच्या घरी रात्री लाइट गेली. अंधारात कठड्याला धरून जिना उतरत होतो. शेवटच्या पायरीनंतरही माझं पाऊल आणखी एक पायरी शोधत खाली गेलं आणि धाडकन फरशीवर आदळलं. काळजात धस्स झालं. आमच्या घरच्या जिन्याला बारा पायऱ्या आहेत, ताईकडे अकरा. मी मनात काही मोजलं नव्हतं. पावलानेच बारावी गृहीत धरली होती.

तेव्हापासून डेव्हिड ह्यूम डोक्यात घोळतोय. 1711 साली एडिंबरा इथे जन्मलेला हा माणूस पंचविशीत फ्रान्समधल्या ला फ्लेश या लहानशा गावी राहिला आणि मानवी स्वभावावरचा त्याचा ग्रंथ बराचसा तिथेच लिहिला. 1739 साली तो छापून येऊ लागला, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. त्याचं म्हणणं असं : बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो, दुसरा सरकतो. डोळ्यांना काय दिसलं? आधी एक हालचाल, मग दुसरी. ‘धक्क्यामुळे सरकला’ यातलं ‘मुळे’ मात्र कुणालाच दिसलेलं नाही. तेच तेच पाहून मनाला सवय लागते आणि ते ‘मुळे’ त्या सवयीतून उगवतं. विस्तव उद्याही पोळेल, हे तर्काने सिद्ध करता येत नाही. हात तरी मागे येतोच. प्राणीसुद्धा असेच शिकतात, असं त्याने लिहिलं आणि त्यात त्याला माणसाचा कमीपणा वाटला नाही.

ह्यूमने ज्ञानाचा पायाच काढून घेतला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. इतकं खोल खणल्यावर तो स्वतःच हवालदिल झाला होता, आणि ते त्याने त्याच ग्रंथात लिहून ठेवलं. मग तो जेवतो, मित्रांशी गप्पा मारतो, सोंगट्यांसारखा बॅकगॅमनचा डाव मांडतो. तीन-चार तासांनी परत कागदांकडे पाहिलं की आपलेच विचार त्याला थंड, ओढूनताणून आणलेले वाटतात. एवढ्या कुशाग्र बुद्धीच्या माणसाने आपल्याला सावरणारी गोष्ट बुद्धी नव्हे, हे उघड कबूल करावं, म्हणून तर मला तो इतका जवळचा वाटतो.

मी पायरीवर बसून पाऊल चोळत होतो. तेवढ्यात ताईचा नातू त्याच अंधारात माझ्या शेजारून धडधडत उतरून गेला. त्याच्या पायांना अकराच ठाऊक.