पुढच्या रविवारी

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला रांग लागते. आधी महारवाड्यातली घरं, मागनं मांगवाड्यातली. असा नियम कुणी लिहिलेला नाही. पण पाय बरोबर आपली जागा ओळखतात. भाकर एक, प्याला एक, रांग मात्र जुनीच.

हे मला दिसत होतं. बोलायचंही होतं. दर वेळी म्हणायचो, पुढच्या रविवारी बघू. अशी 11 वर्षं गेली. याला आळस म्हणू? आळस कसला! भीतीच ती, वर प्रार्थनेचं पांघरूण. देवाची वेळ आली की होईल म्हणत मी माझं काम देवाच्या गळ्यात घातलं.

1963 च्या एप्रिलात अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगातनं मार्टिन ल्यूथर किंगनं पत्र लिहिलं. कुणाला? काळ्यांना 'जरा दमानं घ्या' सांगणाऱ्या 8 गोऱ्या धर्मगुरूंना. नुसता काळ लोटल्यानं काही सुधारत नाही, हा त्यातला मुद्दा. वाचलं नि कळलं, त्या 8 जणांच्या शेजारचा नववा मीच.

याकोबाच्या पत्रात तर न केलेलं भलंही पापात धरलंय.

मागच्या रविवारी मांगवाड्यातल्या म्हातारीला म्हटलं, "आजी, तुम्ही व्हा पुढं."

"राहू दे लेकरा, सवय झालीय."

ती सवय आम्ही लावलेली. मी तिच्या मागं उभा राहिलो. कुजबुज झाली. दोघं उठून गेले. माझे हात कापत होते.

ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले ते शेवटच्या रात्री. दुसऱ्या दिवशी क्रूस होता.

दोस्तहो, उद्याचा भरवसा आपल्याला तरी कुणी दिलाय?