वाढ आणि योग्यता

दोन तरुण एकाच वेळी एकाच धंद्यात शिरले. एक कीर्तीस चढला व दुसरा मागे राहिला. तर मागे राहिलेल्यास कमी योग्यतेचा म्हणावे काय? ज्या घरात दोन मुले आहेत त्या प्रत्येक घरात हा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेतील दोन बास्केटबॉल खेळाडूंच्या उदाहरणावरून त्याचा विचार करू.

ग्रेग ओडन व केविन ड्युरंट हे दोघेही १९८८ साली जन्मले. एकेक वर्ष विद्यापीठाकडून खेळून २००७ साली ते दोघे धंदेवाईक खेळात आले. तेथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. पहिली पाळी पोर्टलंडच्या संघाची होती. त्याने ओडन ह्यास घेतले. दुसरी सिअ‍ॅटलची, तिच्या वाट्यास ड्युरंट आला. ओडन सात फूट उंच व भरदार होता. ड्युरंट इतका किडकिडीत की, निवडीपूर्वीच्या परीक्षेत १८५ पौंडांचे वजन त्यास एकदाही पेलता आले नाही.

पुढे मात्र उलटे घडले. ड्युरंट पहिल्याच हंगामात उत्तम नवागत ठरला, २०१४ साली त्यास वर्षातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळाला, आणि २०१७ व २०१८ साली तो विजयी संघात होता. ओडनच्या उजव्या गुडघ्यावर मात्र पहिला सामना खेळण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली व सबंध हंगाम बुडाला. २००९ च्या डिसेंबरात डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मग आणखी शस्त्रक्रिया झाल्या. २०१४ पर्यंत तो एकंदर १०५ सामने खेळला, आणि तेथेच त्याचा ह्या संघांतील खेळ संपला.

लोक ओडनची थट्टा करू लागले. परंतु निवड फसली असे म्हणणे निराळे आणि माणूस फसवा निघाला असे म्हणणे निराळे. गुडघ्यातील कूर्चा झिजली ह्याचा जाब कोणास विचारावा?

कोणी म्हणेल, 'तर मग ड्युरंटची स्तुतीही व्यर्थच!' तसे नव्हे. श्रम त्याचे स्वतःचे होते. ते फळास येईपर्यंत शरीर टिकले, ही मात्र त्यास मिळालेली देणगी होती. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्याही टाचेची शीर तुटली व पुढचा सबंध हंगाम गेला. तोवर त्याचे नाव झाले होते. तोच घाव पहिल्या वर्षी बसता, तर आज आपण कोणाची थट्टा केली असती?

ह्यावरून ओडन निर्दोष होता असेही कोणी समजू नये. २०१४ साली त्याने एका स्त्रीवर हात उचलला व पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या कृत्याचा जाब त्याचाच. दुखऱ्या गुडघ्याच्या आड तो लपवता येत नाही. तसेच तो पुन्हा विद्यापीठात जाऊन तिशी उलटल्यावर, २०१९ साली, पदवीधर झाला, हे श्रेयही त्याचेच. जगाने मात्र गुडघ्याचा दोष त्याच्या माथी मारला आणि जे खरोखर त्याचे होते त्याचा हिशेब क्वचितच मांडला.

म्हणून एका मुलास दुसऱ्याच्या मापाने मोजण्यापूर्वी, वाचकहो, दोन गोष्टी वेगळ्या कराव्या: त्याच्या वाट्यास काय आले, आणि त्याने त्याचे काय केले. पहिलीबद्दल त्यास दूषण देणे अन्याय होय. दुसरीबद्दल त्यास काहीच न विचारणे, हाही अन्यायच होय.