धूर, धूळ आणि क्रँकशाफ्टमधला गाळ



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, ३८ वा. त्याआधी अर्जुनाने विचारलंय की माणसाला पाप करायचं नसतं, तरी तो ते करतोच, हे नेमकं कोण करवून घेतं? भगवंतांनी सरळ नाव घेतलंय : काम आणि त्याचाच भाऊ क्रोध. मग ३८ व्या श्लोकात तीन उपमा येतात. विस्तवावर धूर, आरशावर धूळ, गर्भाभोवतीचं वेष्टन. ज्ञान असं झाकलं जातं.

लहानपणी पाठांतराला हा श्लोक होता तेव्हा वाटायचं, एकच मुद्दा तीनदा कशाला? उत्तर मला तोरिनोमधल्या एका गॅरेजात मिळालं, तेही खोटं बोलल्यावर.

तुमच्यापैकी जुन्या वाचकांना माहितीये, मी नोकरीसाठी इटलीत असते. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक आजोबा राहतात, आयुष्यभर मेकॅनिक होते. त्यांच्याकडे १९७२ ची अल्फा रोमिओ स्पायडर आहे, २००० व्हेलोचे. बॉडी पिनिनफरिनाची, म्हणजे इथल्याच, तोरिनोजवळच्या ग्रुल्यास्कोची. गाडी त्यांच्या बायकोची. त्या गेल्यापासून ती ताडपत्रीखालीच होती. गेल्या हिवाळ्यात त्यांनी इंजिन उघडायचं ठरवलं, पण त्यांच्या डोळ्यांना आता मधलं दिसत नाही. कडा दिसतात, मधोमध काळं. मायक्रोमीटरचा आकडा त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाले, "इंजेन्येरे, हात माझे, डोळे तुझे."

मी उडी मारली. डोंबिवलीत आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मुळात फियाट ११००. बाबा दर रविवारी बॉनेट उघडून बसायचे आणि मी पाने हातात देण्यापलीकडे कधी गेले नाही. इटलीशी माझं नातं तिथूनच, पिझ्झा फार नंतरचा!

आता या इंजिनाबद्दल थोडं सांगू द्या, कारण ते खरंच सुंदर आहे. अल्फाचं हे चार सिलिंडरचं ट्विन कॅम इंजिन १९५४ च्या जुलिएत्ता स्प्रिंटमध्ये १२९० सीसीचं होतं. वाढत वाढत १९७१ मध्ये ते १९६२ सीसीचं झालं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, आत बिडाचे लायनर नुसते बसवलेले, ज्यांच्या बाहेरून पाणी फिरतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेलं असतं, उष्णता वाहून नेण्यासाठी. साध्या माणसांच्या गाडीत त्या काळी असलं काही कोण घालत होतं!

दुखणं या इंजिनाचं ठरलेलं, हेड गॅस्केट. ब्लॉकमधून हेडकडे तेल जिथून जातं तिथे रबरी रिंगा असतात, त्या म्हाताऱ्या झाल्या की तेल पाण्यात, पाणी तेलात. आजोबांनी त्या विटॉनच्या आणल्या, उष्णतेला टिकणाऱ्या. शिवाय जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन आणि लायनर असा नवा संच, आणि कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बस, एवढंच अपग्रेड.

मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. जास्त लिफ्टचे कॅमशाफ्ट, हलकं केलेलं फ्लायव्हील, सगळं हवं होतं. रात्री बसून मी हॉर्सपॉवरचे हिशेब मांडायचे. आजोबा म्हणाले, असला कॅम वरच्या आरपीएमला गातो आणि खाली खोकतो. "माझी बायको लांगेच्या टेकड्यांत द्राक्षं बघत हळू चालवायची. तुला रेस कोणाशी लावायचीय?" मी गप्प बसले, पण घाई सुटली नाही. मला ते इंजिन लवकर सुरू करून, व्हिडिओ काढून बाबांना पाठवायचा होता.

आणि मग क्रँकशाफ्ट आला.

क्रँकशाफ्टच्या आतून तेलासाठी भोकं पाडलेली असतात आणि त्यांची बाहेरची तोंडं ॲल्युमिनियमच्या बुचांनी बंद केलेली असतात. क्रँक मिनिटाला हजारो फेरे फिरतो, त्यामुळे तेलातली जड घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि बुचाच्या मागे दाबून बसते. पन्नास वर्षांत तिचं डांबर होतं. जुनी बुचं ड्रिलने काढायची, आतून ब्रशने घासायचं, नवी बुचं ठोकून कडा चेपायच्या. कंटाळवाणं काम, आणि ड्रिल सरकलं तर क्रँक खराब. नवी बुचं आजोबांनी एका पुडीत घालून मला दिली होती.

त्या शनिवारी ते डॉक्टरकडे गेले होते. मी क्रँक सॉल्व्हंटने धुतला, भोकांतून हवा मारली. हवा आरपार गेली. मी स्वतःला म्हटलं, झालं की साफ. ते आल्यावर त्यांनी एकच शब्द विचारला, "ताप्पी?" म्हणजे बुचं. मी म्हटलं, "फात्तो." झालं.

पुडी माझ्या जॅकेटच्या खिशात होती.

त्यानंतर आम्ही क्रँक बसवला, बेअरिंग कॅप आवळल्या, लायनर आणि पिस्टन घातले. लायनर ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते शतांश मिलिमीटरांत मोजायचं असतं, नाहीतर गॅस्केट धरत नाही. ते सगळे आकडे मी खरे वाचले, डोळ्यांत तेल घालून. गंमत बघा, जिथे खरं बोलायला काही पडत नव्हतं तिथे मी सत्यवादी हरिश्चंद्र.

आणि हो, रोजचा जप चालूच होता. अकरा माळा. ॲपवरची स्ट्रीक अखंड. एकादशीचा उपाससुद्धा केला. कुठेही काही अडलं नाही, हेच मला आता सगळ्यात भीतीदायक वाटतं. मन अस्वस्थ होतं, तर मी आणखी दोन माळा वाढवल्या. म्हणजे तिथेही अपग्रेडच!

हा श्लोक त्या आठवड्यात या पानासाठी लिहायला घेतला होता. आपल्याकडचे टीकाकार या तीन उपमा चढत्या पायऱ्यांनी समजावतात. धूर वाऱ्याने जातो. आरशावरची धूळ आपोआप जात नाही, हात लावून पुसावी लागते. गर्भाचं वेष्टन मात्र पुसून निघत नाही, ते आतून, वेळ आल्यावर, वेदनेसकट उघडतं. मी हे टाइप करत होते आणि मला समोर क्रँक दिसत होता. काजळी मी उडवली होती, वरचा चिकटा पुसला होता. हवा आरपार जाते म्हणजे गाळ नाही, असं नसतं. गाळ वाटेच्या बाजूला, बुचाआड बसलेला असतो आणि मधून वाट मोकळी असते. जप आरपार जात होता तसाच.

ती पोस्ट मी टाकली नाही. दोन वाक्यं लिहून सोडून दिली. जे केलंच नाही ते तुम्हाला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी हेड चढवायचं होतं. आजोबा टॉर्क रेंच पुसत बसले होते. मी पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी चाचपली, आतली बुचं मोजली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी घाईघाईने सांगायला लागले की धुतलं होतं, हवा मारली होती, बहुतेक काही झालं नसतं. त्यांनी हात वर केला.

"नवं तेल घातल्यावर ते जुनं सैल झालं असतं," ते म्हणाले. "बेअरिंगमध्ये गेलं असतं. टेकडीवर, कुठेतरी." मग थोड्या वेळाने, "मी तुझे डोळे मागितले होते."

रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसलं नाही हेही मला सोसेना.

सगळं परत उतरवलं. पिस्टन, लायनर, बेअरिंग कॅप, क्रँक. त्यात दोन शनिवार-रविवार गेले. ड्रिल मी धरलं, त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्या तीन बुचांमागे थोडंसंच निघालं. चौथ्यामागे काळा, घट्ट, वाटाण्याएवढा गोळा होता. मी तो कागदावर ठेवला. त्यांनी बोटांनी चुरडून वास घेतला आणि काहीतरी पीएमोंतेच्या बोलीत म्हणाले, जे मला भाषांतर करून सांगायला त्यांनी नकार दिला.

बाबांना व्हिडिओ पाठवला नाही. फोन केला आणि सगळं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "बरं केलंस उघडलंस ते."

परवा इंजिन सुरू झालं. आधी नुसत्या स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब आणला, मग किल्ली पूर्ण दिली. दोन्ही कार्ब्युरेटर एकदा शिंकले आणि मग तो आवाज! आजोबांनी कॅम कव्हरवर हात ठेवून मान तिरकी केली. गॅरेज धुराने भरलं.

"रंग?" त्यांनी ओरडून विचारलं.

जोडताना लावलेलं तेल आधी जळतंच, निळा धूर येतो हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. मी मागे गेले, सायलेन्सरजवळ उकिडवी बसले आणि पाहिलं.

"निळा," मी म्हटलं.

"आणि आता?"

"अजून निळाच आहे. थोडा कमी. थांबा, बघून सांगते."