वडिलांच्या तिकिटांची किंमत

माणूस जातो आणि काही दिवसांनी घर आवरायची वेळ येते. कपडे, भांडीकुंडी, पुस्तके यांची व्यवस्था लवकर लागते. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून जुन्या चादरीत गुंडाळलेले दोन-तीन जाडजूड अल्बम निघतात आणि तेथे हात थांबतो. मागच्या पिढीतील आपल्या समाजात पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद पुष्कळांना होता. कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी कस्टममध्ये नोकरी केली. संध्याकाळी दिव्याखाली बसून चिमट्याने एकेक तिकीट उचलले, वहीत लावले आणि खाली सुबक अक्षरात देशाचे नाव लिहिले. मुंबई सोडून अमेरिकेला येताना तांब्यापितळेची भांडी मागे राहिली, पण हे अल्बम ट्रंकेत घालून बरोबर आणले.

आता ते मुलांच्या हाती आले आहेत. याचे काही पैसे येतील काय, हा विचार मनात येतो आणि त्याच्या मागोमाग थोडी शरमही वाटते. वडिलांचे वर्षही झाले नाही आणि आपण त्यांच्या वस्तूचा भाव काढावयास निघालो, हे शोभते का? आजचा आमचा विषय हाच आहे.

आमच्या मते किंमत विचारण्यात काही गैर नाही. उलट पुष्कळ वेळा न विचारण्यातच अन्याय होतो. वारस एकटा क्वचितच असतो. मोठा मुलगा न्यू जर्सीत, मुलगी अश्दोदला, धाकटा ठाण्याला, अशी आपली घरे विखुरलेली. अल्बम ज्याच्या घरी आहे त्याने "राहू दे, आठवण आहे" असे म्हणून तो कपाटात ठेवला तर बाकीच्या दोघांचा वाटा किती हे कोणालाच कळत नाही. शिवाय अमेरिकेच्या कायद्यातही या आकड्याला काम आहे. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. पुढे ती वस्तू विकली तर त्यानंतर झालेल्या वाढीवरच कर बसतो. आकडा कोठेच लिहिलेला नसेल तर पुढे अडचण येते. तेव्हा विचारावे, पण कसे विचारावे आणि उत्तर कळल्यावर कसे वागावे, हे महत्त्वाचे.

प्रथम उत्तराविषयी. बहुतेक अल्बमांचे उत्तर निराश करणारे असते, हे आधीच जाणून असावे. तिकीट जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत चुकीची आहे. ते किती छापले गेले, किती शिल्लक आहेत, कोणत्या स्थितीत आहेत आणि ते हवे असणारे किती जण उरले आहेत, यांवर भाव ठरतो. विसाव्या शतकात तिकिटे कोट्यवधींनी छापली गेली आणि ती जमविणारेही लाखो होते, म्हणून ती सगळीकडे जपून राहिली. आज जमविणारे कमी झाले आहेत. अमेरिकेची १९४० च्या सुमारची कोरी तीन सेंटांची तिकिटे अनेक घरांत पूर्णच्या पूर्ण पानांनी ठेवलेली सापडतात. १८६१ नंतरची अमेरिकन टपाल तिकिटे अजूनही पत्राला चालतात. पण जुलै २०२५ मध्ये साध्या पत्राचा दर ७८ सेंट झाला, म्हणजे एका पत्राला अशी सव्वीस तिकिटे लावावी लागणार! व्यापारी तर ही पाने छापील किमतीपेक्षाही कमीत घेतो.

आपल्या लोकांच्या अल्बमांत इस्राएलची तिकिटे हमखास असतात. मे १९४८ मध्ये निघालेल्या पहिल्या नऊ तिकिटांवर देशाचे नाव नाही. छपाई झाली तेव्हा नाव ठरलेलेच नव्हते, म्हणून "दोआर इव्री", म्हणजे हिब्रू टपाल, एवढेच छापले. या संचातील मोठ्या किमतीची तिकिटे खालच्या टॅबसह, म्हणजे कडेच्या मजकुराच्या पट्टीसह, चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना आजही मोठा भाव आहे. टॅब नसेल तर भाव एकदम खाली येतो. आणि त्यानंतर मुलांच्या नावाने दरवर्षी घेऊन ठेवलेली साठ-सत्तरच्या दशकांतील तिकिटे? ती बहुधा घेतली त्या किमतीलाही जात नाहीत. भारताने १९६८ साली कोचीनच्या सिनेगॉगला चारशे वर्षे झाली म्हणून २० पैशांचे तिकीट काढले. आपल्यापैकी अनेकांनी ते अभिमानाने घेतले, पण बाजारात ते अगदी साधे तिकीट आहे.

गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची चार तिकिटे मात्र नीट पाहावीत. त्यांतील दहा रुपयांच्या कोऱ्या तिकिटाला मागणी आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. त्याच तिकिटावर "सर्व्हिस" असे छापून फक्त शंभर प्रती गव्हर्नर जनरलांच्या कचेरीसाठी काढल्या होत्या. त्यांतील चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. पण वर्तमानपत्रात अशी बातमी वाचून आपल्या अल्बमकडे आशेने धावणे म्हणजे शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून आपण कर्ज काढणे होय.

येथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. १८७३ साली ब्रिटिश गियानात व्हर्नन वॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला काकांच्या जुन्या कागदांत १८५६ चे एक सेंटाचे किरमिजी तिकीट सापडले. कोपरे कापलेले, मळके असे ते तिकीट त्याने गावातल्या एका संग्राहकाला सहा शिलिंगांना दिले. तसे दुसरे तिकीट आजवर निःसंशय खरे म्हणून सिद्ध झालेले नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले. २०२१ साली तेच सुमारे ८३ लाखांना गेले. आता त्या मुलाला कोणी ठकविले काय? आम्हाला तसे वाटत नाही. घेणाऱ्यालाही ते काय आहे हे ठाऊक नव्हते. दोघे सारखेच अजाण होते.

दुसरी गोष्ट वॉशिंग्टनची. १४ मे १९१८ रोजी विल्यम रोबी या कारकुनाने पोस्टातून २४ सेंटांच्या विमान टपालाच्या शंभर तिकिटांचे पान २४ डॉलरांना घेतले. त्यावर विमान उलटे छापले गेले होते. सरकारी माणसांनी पान परत मागितले, त्याने दिले नाही, आणि आठवडाभरात फिलाडेल्फियाच्या युजीन क्लाइन या व्यापाऱ्याला १५,००० डॉलरांना विकले. येथे रोबीला चूक दिसली होती आणि पोस्टाच्या कारकुनाला दिसली नव्हती. तरीही किंमत पोस्टानेच छापलेली होती. रोबीने कोणाला काही खोटे सांगितले नाही की कोणाचा विश्वास मोडला नाही.

ठकविणे कोठे सुरू होते? एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि दुसरा पहिल्यावर विश्वास टाकून त्यालाच विचारतो आहे. तेथे पहिल्याचे मौन हे खोटे बोलण्यासारखेच. व्यापारी आपल्या ज्ञानावर पोट भरतो, त्यात पाप नाही. परंतु "मी तुम्हाला किंमत सांगतो" असे म्हणून त्याने अल्बम हाती घेतला की त्याच्यावर जबाबदारी येते. म्हणून किंमत सांगणारा आणि विकत घेणारा हे दोघे वेगळे असावेत. अमेरिकेच्या करखात्याचा नियमही असाच आहे. संग्रह दान देऊन ५,००० डॉलरांहून अधिक वजावट मागावयाची असेल तर पात्र मूल्यमापकाचा अहवाल लागतो, आणि त्याने आपली फी किमतीच्या टक्क्यावर घ्यावयाची नसते.

आपल्या शास्त्रात या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झाला आहे. खरेदी-विक्रीत एकमेकांस न ठकविण्याची आज्ञा लेवीयच्या २५ व्या अध्यायात आहे. मिश्नाच्या बाबा मेसिया भागात ऋषींनी माप ठरविले: सहाव्या भागाइतका फरक पडला तर व्यवहार मोडता येतो, आणि त्यासाठी वस्तू व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखविता येईल इतका अवधी मिळतो. आपल्या लोदमध्येच रब्बी तार्फोन यांनी हे माप तिसरा भाग असे सांगितले, तेव्हा लोदचे व्यापारी खूश झाले. मग त्यांनी सांगितले की माल परत करावयास सबंध दिवस मिळेल. तेव्हा तेच व्यापारी म्हणाले की आमचा जुना नियमच बरा! यातून वारसाने घ्यावयाचा धडा साधा आहे. घेणाऱ्याजवळ वस्तू राहते, ती तो दुसऱ्याला दाखवू शकतो. विकणाऱ्याच्या हातून अल्बम गेला की तो दाखविणार काय? तेव्हा दाखविण्याचे काम त्याने विकण्याआधीच करावे.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला अधिक मोलाची वाटते. विकत घ्यावयाचे मनात नसताना वस्तूचा भाव विचारू नये, असे तेथे सांगितले आहे. शब्दांनीही माणसाला दुखविता येते, ठकविता येते. हा नियम आपल्यालाही लागू होतो. विकावयाचे नाही आणि दुकानदाराचा तास दोन तास वेळ मात्र घेतला, हे बरे नव्हे. आधीच सांगावे की आम्हाला फक्त किंमत हवी आहे, आपली फी काय ती घ्या.

व्यवहाराच्या चार गोष्टी येथेच सांगतो. पेनसिल्व्हेनियातील बेलफोंट येथे अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी ही १८८६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या सभासद व्यापाऱ्यांची नावे तेथे मिळतात, आणि एखादे तिकीट खरे की खोटे हे ती फी घेऊन तपासून देते. अनेक सार्वजनिक वाचनालयांत स्कॉटचा कॅटलॉग असतो. तो पाहावा, पण त्यातील आकडा दुकानात विकण्याचा असतो, व्यापारी त्याच्या थोड्याच भागाइतके देतो, हे ध्यानी ठेवावे. निदान दोन ठिकाणी विचारावे. तिकिटांना बोटे लावू नयेत, जोडलेली तिकिटे वेगळी करू नयेत, आणि पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढू नये.

या शेवटच्या सूचनेत फार मोठी गोष्ट दडलेली आहे. आपल्या मंडळींनी हौसेने पाकिटे भिजविली, तिकिटे सोडविली आणि पाकिटे टाकून दिली. युद्धाच्या काळात बसऱ्याहून किंवा रंगूनहून आलेले, सेन्सॉरचा शिक्का असलेले सबंध पाकीट आज जाणकाराला सुट्या तिकिटापेक्षा अधिक हवे असते. आणि घरच्यांना? त्या पाकिटात मराठीत लिहिलेले पत्र होते. तेव्हा पाकीट सापडले तर आधी वाचावे, मग त्याचा भाव विचारावा.

आता भावंडांकडे येऊ. भाव कळला त्याच दिवशी तो सर्वांना कळवावा, जास्त निघाला तरी आणि काहीच न निघाला तरी. न्यू जर्सीच्या भावाला कळले की एक पान दोन हजारांचे आहे, आणि अश्दोदची बहीण म्हणते, "भाऊ, तूच ठेव, मला काय कळते त्यातले", तर तिच्या त्या बोलण्याचा फायदा घेण्याचा त्याला अधिकार नाही. तिने आकडा ऐकून दिले तर ते देणे. न ऐकता दिले तर ते तिच्याकडून घेतलेले. व्यापाऱ्याला आपण जो नियम लावतो तो घरात अधिक कडक असावा, कारण घरात कोणी दुसऱ्या दुकानी विचारावयास जात नाही.

आणि किंमत फारच कमी निघाली तर? तीस वर्षांच्या मेहनतीचे व्यापाऱ्याने पन्नास डॉलर सांगितले, म्हणजे वडिलांची तीस वर्षे पन्नास डॉलरांची होती असे मुलांना वाटते. काही जण रागाने अल्बम टाकून देतात. त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांची गोष्ट ऐकावी. रूझवेल्टही तिकिटे जमवीत. १९४६ साली न्यूयॉर्कला त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पैसे आले. त्यांतील अनेक तिकिटे साधीच होती. लोकांनी पैसे मोजले ते ती ज्या हातांनी लावली त्या हातांचे. म्हणजे हातालाही भाव असतो, हे बाजाराला चांगले ठाऊक आहे. आमच्या वडिलांचे हात बाजाराला ठाऊक नाहीत, एवढेच. त्या हातांचे गिऱ्हाईक जगात आपणच दोघे-चौघे आहोत. आपणही घेतले नाही तर दुसरे कोणी घेणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक अल्बम जन्मभर सांभाळावा असा नाही. अमेरिकेतल्या लहान घरांत जागा कमी, आणि नातवंडांना या वस्तूंची ओढ नसेल तर त्यांच्यावर ओझे का टाकावे? विकावा, एखाद्या तिकिटे जमविणाऱ्या मुलाला द्यावा, भावंडांत वाटून घ्यावा. पण द्यावयाच्या आधी त्याच्या पहिल्या पानावर एक कागद लावावा: हा संग्रह कोणी केला, तो कोठे राहत होता, कोणती तिकिटे कोणाच्या पत्रांवरून आली. मराठीत लिहावे आणि नातवंडांसाठी इंग्रजीतही.

ज्यांचे अल्बम अजून स्वतःच्याच हाती आहेत अशा आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे की हा कागद त्यांनी स्वतःच लिहावा, आणि या सणाला मुले घरी येतील तेव्हा त्यांना अल्बम उघडून दाखवावा. कोणत्या तिकिटाला भाव आहे हेही त्याच वेळी सर्वांसमोर सांगावे. म्हणजे मागून कोणाला शरमेने विचारावे लागणार नाही.