विचारून ठोकलेला खिळा

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत. भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी विचारणारी आणि न विचारणारी. मी जन्माने पहिल्या जातीतला. साताऱ्यात पेठांना वारांची नावं आहेत आणि वडिलांनी बिऱ्हाडं इतकी बदलली, की माझा जन्म सोमवारात, मुंज मंगळवारात आणि मॅट्रिकचा निकाल शनिवारात लागला. प्रत्येक वारी एक मालकीणबाई असे आणि तिच्या भिंतीला आमचा खिळा लागत असे. आईने शेवटी देवांच्या तसबिरी टेकवून ठेवायची सवय केली.

पुढे नोकरीने सांगलीला आणलं. गावभागात अण्णांच्या वाड्यात पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. करार अर्थात अकरा महिन्यांचा. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागत नसे, म्हणून हे अकरा महिने निघाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही दिवसांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेला हवा, असं ठरवलं. नोंदणी आली, पण अकरा महिने काही गेले नाहीत. बारावा महिना भाडेकरूच्या पंचांगात नाहीच.

सौ.चं मत विश्रामबागेत फ्लॅट घ्यावा असं. "इतकी वर्षं भाडं भरलं, हातात काय राहिलं?" मी म्हणायचो, "व्याज भरलं तर काय राहतं? तेही भाडंच, फक्त घरमालक बँक." त्यात सांगलीत जागेचा भाव नुसत्या चौरस फुटावर ठरत नाही, आयर्विन पुलाच्या फुटांवरही ठरतो. पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. जिथं पाणी पोचत नाही, तिथं आमचा पगारही पोचत नाही. पूर आला तर मालकाचं घर बुडेल, आपण पिशवी उचलून चालू लागू, हा माझा हुकमी मुद्दा होता.

२०१९ च्या ऑगस्टात तो मुद्दा खरा करायची वेळ आली. पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आत दोन पिशव्या भरल्या, कुलूप लावलं, किल्ली अण्णांकडे दिली आणि साताऱ्याची एस.टी. धरली. अण्णा येईनात. "घर सोडून कुठं जायचं? माडी आहे की." वाटेत मी सौ.ला म्हणालो, "बघ. आपलं काय जातंय?"

साताऱ्यात भावाकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. लहानपणी त्या आवाजावर छान झोप लागायची. आता लागेना. हा पाऊस कृष्णेला जाणार, कऱ्हाडला तिला कोयना भेटणार आणि दोघी मिळून अण्णांच्या उंबऱ्याशी जाणार. पाणी ५७ फुटांवर गेलं.

ओसरल्यावर आलो. खोल्यांत गुडघाभर चिखल आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ. आत सामान मात्र नव्हतं. ते माडीवर होतं. पुस्तकं, शिलाईचं मशीन, आईची तसबीर. अण्णांनी गल्लीतली पोरं हाताशी धरून आधी आमचं बिऱ्हाड वर नेलं होतं. त्यांचं स्वतःचं कपाट आणि धान्याच्या कोठ्या खालीच भिजल्या होत्या.

"अहो अण्णा, आधी तुमचं न्यायचं!"

"माझं काय, वाडा जागेवर असतोय. तुमचं तुम्ही माझ्या भरवशावर ठेवून गेला होता की."

भरवशावर! मी तर 'आपलं काय जातंय' म्हणून गेलो होतो. मालकी म्हणजे काय, हा प्रश्न मी आयुष्यभर हिशेबाच्या वहीत सोडवत आलो. अण्णांनी तो जिन्यात सोडवला.

चार दिवस चिखल काढला. आधी त्यांच्या खोल्यांतला. त्या पावसाळ्यात पाठ मोडली, पण भाडेकरू असल्याचं एकदाही आठवलं नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी मी शेवटपर्यंत कोठ्या वर चढवत होतो आणि सौ. अण्णांना दटावून गाडीत बसवत होती. फ्लॅटचा विषय तिने सोडलेला नाही. फक्त आता ती अण्णांसाठी एक खोली धरून हिशेब करते, त्यामुळे तो आणखीनच जमत नाही.

भिंत वाळल्यावर आईची तसबीर लावायची होती. हातोडी घेऊन अण्णांकडे गेलो. "एक खिळा ठोकू का?"

"विचारायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "रेघेच्या वर ठोका."